सोळा मोटरींची तालीम

हरेश्वर नाखवांना जगातली कुठलीही वस्तू आकड्याने ओळखता यायची. छत्री दिसली की ते मनात म्हणायचे, सहासष्ट शून्य एक. कंगवा, शहाण्णव पंधरा. सुकी मासळी, शून्य तीन शून्य पाच. त्यांची बायको प्रमिला एसटीच्या उरण आगारात कंडक्टर होती आणि एक किस्सा तिने अख्ख्या आगाराला निदान दहा वेळा ऐकवला होता. "लग्नात मी ह्यांच्या गळ्यात हार घातला, तर हे पुटपुटले, शून्य सहा शून्य तीन! मला वाटलं मुहूर्ताची वेळ सांगतायत. मागाहून कळलं, तो ताज्या फुलांचा नंबर!"

त्यात नाखवांचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षं ते बंदरावर क्लिअरिंग एजंट होते. परदेशातून बोटीने माल येतो, तो कस्टम्समधून सोडवून मालकाच्या हाती द्यायचा, हे त्यांचं काम. कस्टम्सच्या जाडजूड पुस्तकात प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो आणि त्या नंबरावरच सगळं ठरतं. कर किती, कागद कोणते, माल आज सुटणार की सहा महिने गोदामात धूळ खाणार. एजंटाने नंबर चुकवला की मेलाच तो. नाखवांचा नंबर सत्तावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. एकदाही नाही! ही गोष्ट ते स्वतःहून कधी सांगत नसत. समोरचा विचारेल अशी सोय मात्र हमखास करून ठेवत.

आणि त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीपेक्षा वीतभर वर, काचेच्या फ्रेममध्ये एक सरकारी आदेश होता. त्यांच्या धंद्यातल्या पहिल्याच वर्षी मोटरींच्या ताकदीवरून रोज भांडणं व्हायची. अधिकारी मोजणार, एजंट म्हणणार पुन्हा मोजा, परत मोजणार, परत भांडण. तेव्हा तरुण नाखवांनी सुचवलं की मोटर फक्त तीनदा मोजा आणि तिसरा आकडा अंतिम धरा. थंड मोटर लबाडी करते, तिसऱ्या वेळेपर्यंत ती गरम होते आणि खरं बोलते. साहेबांना पटलं. आदेश निघाला. तेव्हापासून देशभरच्या बंदरांवर त्याला 'नाखवा पद्धत' म्हणतात. रोज सकाळी नाखवा रुमालाने ती काच पुसायचे आणि मग देवाला हात जोडायचे.

अशा माणसाच्या घरात २०४१ सालच्या नोव्हेंबरात कावळ्यांचा प्रश्न उभा राहिला.

नाखवांची मोठी बहीण चांगुणा शेजारच्याच घरात एकटी राहायची. आईबाप गेल्यावर बोंबील सुकवून, विकून तिनेच भावाला शिकवलं होतं. पीरखारच्या किनाऱ्यावर मच्छीमार सोसायटीने वाटून दिलेली तिची जागा होती. तिथे तिची वलांडी, म्हणजे बांबू रोवून त्यांवर ताणलेल्या आठ दोऱ्या. त्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने लटकवायचे आणि दिवसभर बसून कावळे हाकायचे. पण यंदा चांगुणाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर उन्हाची बंदी केली. राखण नाही म्हटल्यावर कावळ्यांनी बोंबील पळवले. नुसते पळवले असते तर चाललं असतं, पण मेल्यांनी ते नेऊन शाळेच्या पाण्याच्या टाकीत टाकले. सोसायटीचे चेअरमन तांडेल यांनी पंधरा दिवसांची मुदत घातली. मुदत संपेल त्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ते जागेवर येणार. राखणदार दिसला तर ठीक, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

राखणदार आणायचा कुठून? उन्हात बसून कावळे हाकायला २०४१ साली कुत्रं मिळत नव्हतं. प्रमिलाच्या एसटीच्या फेऱ्या, नाखवांचं बंदर आणि त्यांच्या मुलीची, जुईलीची, दहावी.

जुईली नुकतीच शाळेच्या विज्ञान मंडळाची प्रमुख झाली होती आणि तेव्हापासून तिचा आवाज दोन पट्ट्या वर चढला होता.

"काही चिंता नको आत्या!" तिने ताटावरूनच जाहीर केलं होतं. "आठ दोऱ्या, प्रत्येकीच्या दोन टोकांना दोन मोटरी, सोळा मोटरींना सोळा निशाणं. वर कॅमेरा. कावळा आला की फडफड! व्हिएतनामहून मागवू. सवयमोटरी."

"कसल्या मोटरी गो?" चांगुणाने काळ्या गॉगलआडून विचारलं.

"सवयमोटरी. काम करता करता शिकतात."

"बरं हाय. तुज्या बापाला जमलं नाय ते मोटरींना जमतंय."

सवयमोटर म्हणजे काय, ते इथेच सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्या पोटात आहे.

साध्या मोटरीत दोन मुख्य गोष्टी असतात, तारेची गुंडाळी आणि चुंबक. तारेतून वीज गेली की तीही चुंबक होते, दोघं एकमेकांना ढकलतात आणि मोटर फिरते. जुन्या मोटरीतल्या चुंबकाची ताकद कारखान्यातच ठरायची. जन्मली तशी मरायची बिचारी. पाच वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत वेगळं चुंबक तयार झालं, लाखो बारीक कणांचं. कोऱ्या मोटरीत हे कण शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखे कुठेही तोंड करून उभे असतात. मोटरीवर भार पडला की तारेतून जास्त वीज धावते आणि तिच्या झटक्याने कण एका दिशेला वळतात. कण रांगेत आले की चुंबक बलवान, चुंबक बलवान की मोटर बलवान. काम हलकं असेल तर रांग पुन्हा मोडते आणि मोटर नाजूक होते, वीजही कमी खाते. म्हणजे कारखाना मोटर अर्धीच बनवतो. उरलेली अर्धी तिला मिळालेलं काम बनवतं.

ह्या मोटरी घराघरांत शिरल्या तशी माणसांची वागणूकही बदलली होती. पीरखारमध्ये आता कुणी कुणाला मिक्सर उसना देत नसे. ठाकूरकाकूंनी एकदा दिला होता शेजारणीला, तिने त्यात हळकुंडं दळली आणि त्या दिवसापासून काकूंची खोबऱ्याची चटणी थेट भिंतीवर जायला लागली. दोन्ही घरं अजून बोलत नाहीत.

कायद्याच्या पुस्तकात मात्र मोटर ती मोटरच. खेळण्यात बसवा नाहीतर शिवणयंत्रात, सुटी आली की तिला एकच प्रश्न, ताकद किती? साडेसदतीस वॅटच्या आत असेल तर ती लहान मूल, विनातिकीट आत या. वर गेली की मोठं माणूस, मग दर्जाचा दाखला आणा, कारखान्याची नोंदणी आणा, सहा महिने थांबा.

बॉक्सवर 'सुमारे तीस वॅट' छापलेलं होतं. नाखवांनी आयातदार म्हणून चांगुणाचं नाव घातलं, लहान मोटरींचा नंबर डोळे मिटून टाकला आणि म्हणाले, "सोमवारी घेऊन येतो. हे काय काम आहे होय!"

सोमवारी नमुन्याची एक मोटर मोजणीच्या यंत्रावर चढली. यंत्राचा ब्रेक मोटरीला हळूहळू आवळत जातो आणि ती थकून थांबेपर्यंत किती जोर लावते ते मोजतो. पहिला आकडा आला एकोणतीस. दुसरा पस्तीस. तिसरा एक्केचाळीस.

टेबलामागे निमकर मॅडम होत्या. त्या एवढ्या काटेकोर होत्या की चहात साखरसुद्धा मोजून तीन वेळा ढवळायच्या. त्यांनी पावती नाखवांपुढे सरकवली.

"एक्केचाळीस, नाखवा. तुमचा नंबर चुकलाय."

नाखवांना वाटलं, त्या दुसऱ्याच कुणा नाखवाशी बोलताहेत. त्यांनी मागेसुद्धा वळून बघितलं.

"मॅडम, यंत्रात काहीतरी बिघाड..."

"यंत्र कालच तपासलंय. आणि पद्धत तुमचीच आहे. मी हीच पद्धत पाठ करून खात्याची परीक्षा पास झाले." मॅडमच्या आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं. "तिसरा आकडा अंतिम."

"मग सगळाच माल मोजा," नाखवा म्हणाले. "आयातदाराचा हक्क आहे तो. सोळाच्या सोळा!"

हा हक्क त्यांनी बजावला नसता तर बरं झालं असतं.

सगळा माल मोजताना आयातदाराने हजर राहावं लागतं. म्हणून बुधवारी चांगुणा नऊवारी नेसून, काळा गॉगल लावून, हातात छत्री घेऊन कस्टम्समध्ये अवतरली. फाटकावरचा शिपाई तिला बघून उठून उभाच राहिला. सोबत शाळेच्या गणवेशात जुईली.

"शाळा?" नाखवांनी दरडावलं.

"शैक्षणिक सहल," जुईली म्हणाली. "मी प्रमुख आहे. मी ठरवते."

मोजणी सुरू झाली. दुसरी मोटर, अठ्ठावीस, चौतीस, चाळीस. तिसरी, तीस, छत्तीस, बेचाळीस. चौथी, एकोणतीस, छत्तीस, त्रेचाळीस. जुईली प्रत्येक पावती हातात घेऊन बघत होती. सहाव्या मोटरीला ती ताडकन उठली.

"थांबा! थांबा थांबा थांबा! बाबा, कळतंय का तुला? ह्या आधीपासून बलवान नाहीयेत. आपण करतोय त्यांना बलवान! तुमचा ब्रेक त्यांना आवळतो, त्यांना वाटतं हेच आपलं काम. दुसऱ्या वेळी जास्त जोर लावतात, तिसऱ्या वेळी त्याहून जास्त. ही मोजणी नाही, ही तालीम आहे! तुम्ही इथे पैलवान तयार करताय!"

निमकर मॅडमनी शांतपणे तिचं म्हणणं एका कागदावर उतरवून घेतलं, खाली वेळ घातली, मग म्हणाल्या, "नोंद केली. सातवी मोटर लावा."

"अहो पण मॅडम..."

"आदेश संपूर्ण मालाचा आहे, बाळ. अर्ध्यावर थांबायची तरतूद नाही."

सातवी लागली. आठवी लागली. चहाच्या वेळेपर्यंत सोळाच्या सोळा मोटरी शड्डू ठोकून बसल्या. शेवटची सेहेचाळीसवर थांबली तेव्हा मोजणीच्या यंत्राचं टेबलच सरकलं. चांगुणाने जोरात टाळ्या वाजवल्या, कारण तिला वाटलं जास्त आकडा म्हणजे पास.

गुरुवारी नाखवांच्या ऑफिसात बाप-लेकीची जुंपली. चांगुणा कोपऱ्यात बसून ऐकत होती. गॉगल होताच, त्यामुळे ती झोपली आहे की जागी आहे ते कळत नव्हतं.

"पहिला आकडाच खरा, बाबा. कायदा काय म्हणतो? माल ज्या स्थितीत बंदरावर आला त्या स्थितीत त्याचा नंबर ठरवा. ह्या मोटरी आल्या तेव्हा जन्मात कधी फिरलेल्या नव्हत्या. पहिल्यांदा फिरल्या तेव्हा एकोणतीस-तीस. पुढचं सगळं कस्टम्सनी शिकवलेलं. तू फक्त तसं लिहून दे!"

"काय लिहून देऊ?"

"की नाखवा पद्धत ह्या मोटरींना लावू नका."

नाखवांची नजर आपोआप भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली.

"जुई, त्या आदेशावर देशातली प्रत्येक मोटर मोजली जाते. उद्या मीच लिहून दिलं की ती चुकीची, तर सगळ्या बंदरांवरचे एजंट माझा कागद नाचवत फिरतील. सत्तावीस वर्षं लोक मला नावाने नाही, त्या पद्धतीने ओळखतात."

"पद्धत चुकीची नाहीये. मोटर बदललीये."

"पद्धत बरोबर असेल तर मग मोटर चुकली."

"मोटर कशी चुकेल? ती बिचारी शिकली! शिकायला तुझ्यासारखा त्रास नाही होत तिला!"

"जुईली!"

"हऱ्या," कोपऱ्यातून आवाज आला. म्हणजे जागी होती. "पोरीवर वरडू नको. जागा गेली तर गेली. मी घरात बसून मालिका बघेन. डोळं चांगलं झालंयत आता, सगळ्या सासवा सपष्ट दिसतील."

ती गमतीने म्हणाली आणि छत्री टेकत घरी गेली. नाखवांना मात्र ते हसू अंगावर धावून आलं.

संध्याकाळी ते किनाऱ्यावर गेले. बहिणीच्या जागेत यादीतला पुढचा माणूस, विलास भोईर, मोजपट्टी घेऊन चक्क वाकून माप घेत होता. नाखवांना बघून त्याने पट्टी पाठीमागे लपवली. "काय नाय शेठ, असंच. व्यायाम." वलांडीवर चार-पाच जोड्या बोंबील होते, बहुधा प्रमिलाने सकाळी घातलेले, आणि वर नऊ कावळे. नाखवांनी मोजले. मग त्यांना दुरून एक आवाज ऐकू आला. शंभर पावलांवर चांगुणाच्या घराची खिडकी होती. बंद काचेच्या आत ती उभी होती, गॉगल लावून, दोन्ही हातांनी स्टीलची थाळी बडवत. "हूऽऽश! हूऽऽश मेल्या!" काचेतून आवाज जेमतेम बाहेर येत होता. कावळे ढिम्म. एकाने तर तिच्याकडे बघत बघत बोंबील उचलला.

नाखवा तसेच परत ऑफिसात गेले आणि लिहायला बसले. बारा कागद फाडले. तेराव्यावर लिहिलं ते असं: 'तिसरा आकडा अंतिम धरावा, ही पद्धत अर्जदारानेच सुचवली होती. जुन्या मोटरींसाठी ती योग्य आहे. सवयमोटरींना ती लावल्यास तपासणीच मालाचं रूप बदलून टाकते. सबब ती या मालाला लावू नये, असं ती सुचवणारा माणूस स्वतःच्या सहीने लिहून देत आहे.'

सही करताना पेन दोनदा अडकलं. शाई होती तरी.

शुक्रवारी अकरा वाजता निमकर मॅडमनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"नाखवा, तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय मागताय? ह्यावर सही केली तर मला लिहावं लागेल की आमच्या तपासणीने माल बिघडला. माझ्याच टेबलावर."

"बिघडला नाही मॅडम," जुईली म्हणाली, "सुधारला. जरा जास्तच."

"शैक्षणिक सहल अजून चालू आहे वाटतं?"

"दुसरा दिवस. मुक्कामी आहे."

मॅडमच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला. "पुरावा काय? पहिला आकडा खरा आणि तिसरा शिकवलेला, हे मी कशावरून मानायचं?"

जुईलीने तोंड उघडलं होतं, पण तिच्याआधी चांगुणा छत्री आपटत पुढे झाली.

"बाई, परवा तुमच्या त्या शिपायाने मना वय विचारलं. मी सांगितलं त्रेसष्ट. मग टेबलावरच्या पोराने विचारलं. मी जरा जोरात सांगितलं त्रेसष्ट. मग तुम्ही विचारलात. तेव्हा मी कशी वरडले?"

"सगळ्या मजल्यावर ऐकू गेलं," निमकर मॅडमनी कबूल केलं.

"मग? तुम्ही त्या तिसऱ्या वरडण्यावरून लिवलात काय, का बाई भांडकुदळ हाय म्हणून? मी घरनं निघाले तेव्हा गरीब होते. तुम्हीच मना चढवलात!"

शिपायाने खिडकीबाहेर बघायचं सोंग केलं.

"चार नंबरची मोटर आणा," अखेर मॅडम म्हणाल्या. "परवाचा शेवटचा आकडा त्रेचाळीस. आयातदाराने माझ्यासमोर, माझ्या सांगण्यावरून ती हलक्या कामाला लावायची. ही तपासणीच आहे, वापर नाही. तशी नोंद करा."

मोटरीच्या दांड्याला चांगुणाचा हातरुमाल बांधला. मोटरीने पहिल्याच झटक्यात रुमाल फाडला. दुसरा रुमाल नाखवांचा. चांगुणाने दांडा दोन बोटांत धरला आणि पंख्याने वारा घालावा तसा हळूच हलवू लागली. मोटर हिसडे देत होती, ती सैल सोडत होती, पुन्हा धरत होती. चुंबकाच्या आत कणांची रांग मोडत असणार, बाहेर फक्त एक म्हातारी बाई मोटरीला काहीतरी पुटपुटत बसलेली दिसत होती. अर्धा तास गेला. रुमाल आता फाटत नव्हता, नुसता डुलत होता.

"मोजा," मॅडम म्हणाल्या. आणि मग, जरा थांबून, "एकदाच."

चोवीस.

निमकर मॅडमनी फाईल ओढली आणि सावकाश, गोल अक्षरात लिहिलं की पहिला आकडा आयातीच्या वेळच्या स्थितीचा आणि म्हणून ग्राह्य, नंतरचे दोन तपासणीमुळे निर्माण झालेले. सही केली. नाखवांकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमचा नंबर बरोबर होता, नाखवा."

नाखवांना खरं तर खूप आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्यांना आधी घड्याळच दिसलं. माल प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत तीन वाजून गेले होते.

साडेचारला ते पीरखारला पोचले. प्रमिला बोंबलांची पाटी घेऊन तयार होती. चौघांनी मिळून आठ दोऱ्या भरल्या, सोळा टोकांना सोळा मोटरी बांधल्या, सोळा लाल निशाणं लावली, जुईलीने खांबावर कॅमेरा चढवला. मग डॉक्टरांची आठवण करून प्रमिलाने चांगुणाला घरात पिटाळलं. एकच मोटर सुधारलेली होती, चार नंबरची. उरलेल्या पंधरा अजून पैलवानच होत्या. आणि त्यांना हलकं काम शिकवायला वेळ कुठे होता?

पाचला दोन मिनिटं कमी असताना पहिला कावळा आला. कॅमेऱ्याने बघितलं आणि निशाणं उठली.

त्याला फडफड म्हणता येणार नाही. पंधरा निशाणं अशी काही फिरली की बांबू मुळापासून हलले, दोऱ्या धनुष्याच्या प्रत्यंचेसारख्या ताणल्या आणि सुटल्या, आणि बोंबील, ते गरीब, लुळे, पारदर्शक बोंबील, जोडीजोडीने आकाशात गेले. एक जोडी, पुन्हा माप घ्यायला आलेल्या विलास भोईरच्या खांद्यावर उतरली. तो मोजपट्टी टाकून पळाला. एक जोडी प्रमिलाच्या तिकिटांच्या पिशवीत पडली. कावळे? त्यांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. पहिला ओरडत उडाला, त्याच्यामागे वडाच्या झाडावरचे सगळे, मग शाळेच्या टाकीवरचे, मग बाजारातले. दोन मिनिटांत पीरखारच्या आकाशात कावळा औषधाला उरला नाही. फक्त बोंबील होते.

त्याच वेळी चेअरमन तांडेल बगलेत वही घेऊन वाळूतून चालत आले. डोक्यावर एक बोंबील पडला, तो त्यांनी शांतपणे काढून प्रमिलाच्या हातात दिला. मग वही उघडली.

"राखणदार कोण?"

"ह्या मोटरी!" जुईली म्हणाली. छाती पुढे, पण आवाज दोन पट्ट्या खाली.

तांडेल विचारात पडले. "वहीत खाना आहे माणसाचा. एक कुत्र्याचा आहे, जुन्या काळचा. मोटरींचा नाही. हरेशशेठ, तुम्ही आकडेवाले. कुठली वस्तू कुठल्या खान्यात घालायची ते तुमच्याइतकं कुणाला कळतं? ही राखण म्हणायची की नाय?"

नाखवांनी तोंड उघडलं. आयुष्यभर ह्या प्रश्नाला त्यांच्याकडे चार आकडी उत्तर तयार असायचं. त्यांनी वलांडीकडे बघितलं, रिकाम्या आकाशाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. काचेला नाक लावून काळा गॉगल उभा होता, हातात थाळी, वाजवायची थांबलेली.

"मला नाही सांगता येत, तांडेलमामा," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी याआधी कधी उच्चारलंच नव्हतं, म्हणून ते जरा अडखळत आलं. "तुम्हीच एकदा बघा आणि दिसेल ते लिहा. पण एकदाच हं. पुन्हा दाखवा म्हणालात तर ह्या अजून जोर धरतील."

तांडेलांनी बघितलं. डावीकडून उजवीकडे, एकदाच. मग वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "कावळे शून्य. बोंबील हवेत. राखण आहे. जागा कायम."

जुईलीने किंकाळी मारत अशी उंच उडी घेतली की कॅमेऱ्याला वाटलं अजून एक कावळा आला. उरलेसुरले बोंबीलही गेले.

खिडकी धाडकन उघडली. "हवेत काय कामाचे रे, मुडद्यांनो! वलांडीवर पायजेत!"

तांडेल हसत निघून गेले. प्रमिला आणि जुईली वाळूतून बोंबील वेचू लागल्या. नाखवांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक नंबरच्या मोटरीसमोर वाळूत फतकल मारून बसले. दांडा दोन बोटांत धरला, बहिणीने धरला होता तसा. मोटरीने हिसडा दिला. त्यांनी सैल सोडलं, पुन्हा धरलं. अजून चौदा राहिल्या होत्या.

"हळू बाय, हळू," ते म्हणाले. "मासळी आहे ती. कुस्ती नाही."